रेषेला लागलेला पाय

समजा, तुम्हाला गोलमध्ये उभं केलंय. मागे जाळं, पायाखाली चुन्याची रेषा. समोरून उंच उडालेला चेंडू वाऱ्यावर हेलकावत तुमच्याकडे येतोय आणि ऊन थेट डोळ्यांत घुसतंय. लाल जर्सीतली, तुमच्याहून वीतभर उंच पोरगी तुमच्याच रोखानं सुटलीय. तुम्ही मागे सरकता. अजून मागे. उडी मारता, दोन्ही हात डोक्याच्या वर, पार मागेपर्यंत ताणता, आणि चेंडू पंजात येऊन बसतो. पकड पक्की. मग पाय जमिनीला टेकतात. आता सांगा, त्या क्षणी तुमची नजर कुठे जाईल?

फुटबॉल खेळणारं कुणीही म्हणेल, चेंडूकडे. प्रज्ञा कचरू साळवेची नजर पायाकडे गेली.

का गेली, हे समजायचं तर शेवगावच्या पुढे, पैठणच्या रस्त्याला असलेल्या तिच्या गावात जावं लागेल. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती, वस्तीत विहार आणि विहारामागे कबड्डीचं मैदान. मैदान म्हणजे काय, तर दगड वेचून साफ केलेली काळी जमीन आणि राखेनं आखलेल्या रेषा. दर वर्षी जयंतीच्या आठवड्यात तिथं सामने व्हायचे. वस्तीची एक टीम, गावाची एक, आणि आजूबाजूच्या आठ-दहा गावांच्या.

अडचण असायची ती पंचाची. गावातला पंच ठेवला तर वस्तीतली पोरं बिथरायची, वस्तीतला ठेवला तर गाव मैदानात उतरायचं नाही. प्रज्ञाच्या जन्माआधी एकदा एका पायावरून डोकी फुटली. प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं, आणि तिथं सगळ्यांदेखत वस्तीला ऐकून घ्यावं लागलं, "तुमची पोरं पहिल्यापासून रडीच खेळत्यात."

तेव्हा टीमचा कप्तान होता कचरू साळवे, प्रज्ञाचा बाप. शेवगावच्या मार्केट यार्डात हमाली करणारा, बोलायला कमी, पण एकदा बोलला की मागे न हटणारा. त्यानं पोरांना विहारासमोर बसवलं आणि सांगितलं, "इथनं पुढं पाय रेषेला लागला की, कुनी बघितलं असो नसो, आपन हात वर करायचा आन् भाईर जायाचं. दुसऱ्यानं आपल्याकडं बोट करायच्या आदी आपनच हात करायचा."

पोरांनी कुरकुर केली. एक-दोन सामने हरलेही. पण हळूहळू त्याची सवय झाली, आणि सवयीची शान झाली. आजूबाजूच्या गावांतले लोक म्हणायला लागले, "साळव्याची टीम हाय ना? मग पंच कशाला पायजे?" कचरूच्या आयुष्यात त्याला मिळालेली मोठी अशी दौलत हीच.

प्रज्ञा त्या मैदानावर चालायला शिकली. पोरांत पोरगी म्हणून तिला कुणी वगळलं नाही, कारण तिची पकड. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा तिच्या हातात आला की सुटत नसे. नऊ वर्षांची असताना एकदा तिची टाच मागच्या रेषेला लागली आणि ती गप्प राहिली. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कचरूनं खेळ थांबवला, तिला मधोमध उभं केलं आणि सगळ्यांसमोर हात वर करायला लावला. ती रडली. पण त्यानंतर तिच्या डोक्याला कळायच्या आत तिच्या टाचेला रेषा कळायला लागली, आणि टाचेला कळलं की हात आपोआप वर जायला लागला.

दहावीत असताना शेवगावच्या शालेय स्पर्धेत दहातोंडे सरांनी तिला पाहिलं. गोरक्षनाथ दहातोंडे हे नगरच्या एका कॉलेजात क्रीडा शिक्षक. मुलींची फुटबॉल टीम उभी करायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं होतं आणि जिल्ह्यात धड अकरा पोरी मिळत नव्हत्या. सामना संपल्यावर ते तिच्यापाशी आले.

"कबड्डीत तू माणसाचा घोटा धरतेस, तो सुटायला लाथा झाडतो. चेंडू बिचारा लाथपण मारत नाही. गोलकीपर होशील?"

"म्हंजी काय करायचं, सर?"

"उभं राहायचं आणि धरायचं."

"एवढंच?"

"एवढंच," सर म्हणाले. पुढे दोन वर्षं ती त्यांना हे "एवढंच" ऐकवून चिडवायची.

सर कचरूला भेटायला वस्तीवर आले. प्रज्ञाची आई भागिरथी चहा टाकायला आत गेली आणि दारामागूनच ऐकत राहिली.

"पोरींचा फुटबॉल?" कचरूनं विचारलं. "बघतं कोन?"

"ही देशाकडून खेळेल, कचरूभाऊ. लिहून घ्या."

"देश लई लांब हाय, सर. आमाला केडगावसुदिक लांबच हाय."

नगरला लागून असलेल्या केडगावला कचरूची बहीण झुंबरबाई राहायची. तिनं तो प्रश्न एका वाक्यात सोडवला, "माज्याकडं ऱ्हाईल. खाईल तेवढं राबवून घेते की नाई बघा." आणि प्रज्ञा अकरावी-बारावीसाठी केडगावला आली. पहाटे सायकलवर नगर, मैदान, कॉलेज, परत मैदान, संध्याकाळी आत्याकडे भाकरी थापायच्या. झुंबरबाई तिच्या सुजलेल्या बोटांना हळद लावताना शिव्या देई, आणि गल्लीतल्या बायकांना सांगताना मात्र छाती फुगवून म्हणे, "आमची प्रज्ञा गोलीत असती."

सर शिकवत होते आणि ती शिकत होती. नियम तिला तोंडपाठ होते. गोलकीपरचा पाय, गुडघा, अख्खं अंग जाळ्यात गेलं तरी बिघडत नाही. चेंडू पूर्णच्या पूर्ण रेषेपलीकडे गेला तरच गोल. रेषेच्या वर त्याची कड जरी राहिली, तरी नाही. सरांनी विचारलं की ती धडाधड म्हणून दाखवायची. जिल्हा, विभाग, राज्य, सगळीकडे तिची निवड झाली. त्या सामन्यांत ती रेषेच्या बरीच पुढे उभी राहायची. कबड्डीची मागची रेषा तिच्या अंगात होती, ती मागे जायचंच टाळायची, आणि सरांना वाटायचं, पोरगी धीट आहे, पुढे येऊन खेळते.

शहाण्णव साली केरळातल्या एका समुद्राकाठच्या शहरात बाहेरच्या देशांचे संघ बोलावून युवा मुलींची स्पर्धा भरली. भारताच्या संघात प्रज्ञाचं नाव आलं. गावाच्या शाळेत पेढे वाटले. सरपंच आबासाहेब यांनी वस्तीवर येऊन तिच्या गळ्यात हार घातला, आणि कचरूच्या घरासमोर गावातली माणसं पहिल्यांदाच सतरंजीवर बसून चहा प्यायली.

हार काढून ठेवल्यावर कचरू तिला म्हणाला, "सर म्हनले, या स्पर्धेतनं मोठ्या संघाच्या शिबिराला पोरी निवडनारेत."

"व्हय, नाना."

"त्यात नाव आलं तर खेळ, किती बी खेळ. न्हाई आलं तर बास. मग मी सोयरीक बघनार आन् तू मधी बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलनार."

"येईल का?"

"येईल," ती म्हणाली. तिला खरंच वाटत होतं.

आणि येणारच होतं. पहिल्या दोन सामन्यांत तिनं जे अडवलं, ते पाहून निवड समितीतला एक गृहस्थ दहातोंडे सरांशी मुद्दाम बोलायला आला. सर स्वतःच्या खर्चानं, रजा टाकून तिथं गेले होते आणि रोज प्रेक्षकांत बसत होते. तिसरा सामना लाल जर्सीतल्या मुलींशी होता. त्या देशाचं नाव प्रज्ञाला आजही धड उच्चारता येत नाही. बरोबरी झाली तरी भारत उपांत्य फेरीत जाणार होता. शेवटची काही मिनिटं उरली होती, दोन्हीकडे गोल शून्य. तेव्हा तो उंच चेंडू आला.

समुद्राच्या वाऱ्यानं त्याला अंदाजापेक्षा लांब आणलं. प्रज्ञा पुढे होती, ती मागे सरकत गेली, उडाली, चेंडू पकडला आणि टेकली. उजवी टाच रेषेला लागली. तिनं खाली पाहिलं. चुन्याची पूड बुटाच्या मागे उडालेली तिला दिसली.

मग तिनं चेंडू डाव्या हातानं पोटाशी घेतला, उजवा हात वर केला आणि मान खाली घालून गोलच्या खांबाकडे चालायला लागली. बाद झालेला खेळाडू जातो तशी.

पंच होती एक परदेशी बाई. ती मैदानाच्या मध्याकडून धापा टाकत येत होती. कडेच्या पंचाचं निशाण खालीच होतं. बाईनं गोलकीपरचा वर गेलेला हात पाहिला, तिची खाली गेलेली मान पाहिली, क्षणभर थांबली, शिट्टी फुंकली आणि हात मधल्या वर्तुळाकडे केला. गोल.

लाल जर्सीतल्या पोरींनाही आधी कळलं नाही. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग किंचाळत एकमेकींवर कोसळल्या. प्रज्ञाला कळलं तेव्हा ती खांबाच्या बाहेर उभी होती आणि तिची कप्तान तिचा खांदा धरून गदागदा हलवत होती. ती "नो, नो, पाय, माझा पाय" असं म्हणत पंचाकडे धावली. बाईनं तिला हातानंच मागे सारलं. मराठी तिला कळत नव्हती, आणि कळली असती तरी शिट्टी वाजून गेली होती.

बसमध्ये संघाच्या मॅनेजर बाई तिच्या सीटपाशी येऊन उभ्या राहिल्या. "हाथ उठाने को किसने कहा था तुम्हें? उसने कुछ देखा ही नहीं था!"

मागच्या सीटवरून एकजण हळूच, पण ऐकू जाईल असं म्हणाली, "पूछो, कितना मिला." कुणी तिला गप्प केलं नाही.

सरांची भेट रेल्वे स्टेशनवर झाली. ते तिच्यावर ओरडतील अशी तिची खात्री होती. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बाकावर तिच्या शेजारी बसले.

"पाय लागला म्हणून?" त्यांनी विचारलं.

"व्हय, सर."

"नियम पाठ होता ना तुला?"

"पाठ होता."

"मी तुला सगळं शिकवलं प्रज्ञा. हे शिकवायचं राहिलं. हे शिकवावं लागतं हेच मला माहीत नव्हतं." एवढं बोलून ते तिकिटाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. तिकिटं त्यांच्या खिशात होती.

शिबिराची नावं आली, त्यात तिचं नव्हतं. कुणी कारण कळवलं नाही.

माळीवाडा स्टँडवर तिला न्यायला फक्त झुंबरबाई आली होती. तिनं बॅग घेतली आणि रस्ताभर दुसऱ्याच गोष्टी काढल्या. शेजारणीची म्हैस, नळाला न येणारं पाणी. घरी आल्यावर प्रज्ञा पाय धुवायला मोरीत गेली, तेव्हा मात्र आत्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "खाली घालाया काय झालं हुतं त्यो हात."

गावी कचरू ओट्यावर बसला होता. त्यानं तिला समोर बसवलं.

"पाय लागला हुता?"

"लागला हुता."

"तुला सोताला कळलं?"

"व्हय."

"मग बराबर केलंस."

"नाना, तिथं पायाचं काय न्हवतंच. पाय आत गेला तरी चालतो. चेंडू जायाला पायजे."

कचरूनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "मानूस रेषेच्या पल्याड गेला तरी चालतो?"

"चालतो."

"मग ती रेषा कशाची?"

"चेंडूची."

त्याला ते पटेना. मानूस खेळतो का चेंडू, असं तो दोनदा पुटपुटला. मग हळूहळू त्याच्या ध्यानात यायला लागलं, आणि ते येताना प्रज्ञाला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "म्हंजी," तो म्हणाला, "तू हात केलास, त्यो माज्यामुळं."

"तसं न्हाई, नाना."

"तसंच हाय." तो उठला आणि यार्डात निघून गेला. त्या दिवशी यार्ड बंद होता.

बातमी शेवगावात पोहोचायला वेळ लागला नाही. बाजारात भागिरथी भाजी घ्यायला थांबली की कुणीतरी टपरीवरून ओरडायचं, "हात वर करा ओ, गोल झाला!" आबासाहेबांच्या ओट्यावर बोलणं निघालं की सवलतीतून गेली असेल, नाहीतर हिला कोण घेतंय. दुसरा म्हणाला, खेळ विकला. ज्या माणसांनी साळव्याच्या टीमला पंच लागत नाही म्हणून सांगितलं होतं, त्यांच्यातलाच तो एक होता. कचरूच्या दारात पुन्हा कुणासाठी सतरंजी पडली नाही.

पुढच्या जयंतीच्या सामन्यात प्रज्ञाचा धाकटा भाऊ सम्राट कप्तान होता. गावाच्या टीमशी शेवटची चढाई चालू होती. सम्राटचा पाय कडेच्या रेषेला लागला. प्रज्ञानं पाहिलं. शेजारी उभ्या असलेल्या कचरूनंही पाहिलं. सम्राटनं खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि तो खेळत राहिला.

"लागला! लागला!" गावाची पोरं ओरडली.

"कुनी बघितला?" सम्राट म्हणाला.

सगळे कचरूकडे वळले. कचरूनं टोपी काढली, झटकली, परत घातली आणि घराकडे चालता झाला. मारामारी व्हायची ती झालीच. त्याच्या पुढच्या वर्षापासून शेवगावहून पंच आणायला लागले.

कबूल केल्याप्रमाणे प्रज्ञा सोयरिकीत मधे बोलली नाही. नवरा सूर्यभान, शेवगावात गवंडीकाम करणारा, मनानं सरळ माणूस. लग्नानंतर तो तिच्या खेळाबद्दल फारसं विचारत नसे. पोरगी झाली. तीन वर्षं गेली. दहातोंडे सरांची टीम केव्हाच मोडली होती. प्रज्ञाला पाहून ज्या मुली फुटबॉलला यायच्या होत्या, त्या आल्या नाहीत.

दिवसा ती कामात असायची. पण भांडी घासताना, पोरीला भरवताना, मधेच तिचा हात थांबायचा. लोकांच्या बोलण्याची तिला सवय झाली होती. तिला खाणारी गोष्ट वेगळी होती. हात वर करणं ही चूक होती की नव्हती, हे ती ज्यावरून ठरवू शकली असती, तेच तिनं पाहिलं नव्हतं. चेंडू तिच्या ताणलेल्या हातांत, डोक्याच्या मागे, वर कुठेतरी होता. तो पूर्ण पलीकडे गेला असेल, तर तो गोलच होता. तिनं हात केला नसता तरी गोल होता, आणि मग तिच्यामुळे काहीच बुडालं नव्हतं. तिचं शिबिर, सरांची टीम, नानांचा शब्द, काहीच नाही. आणि तो अलीकडे असेल तर सगळं तिच्याच हातानं गेलं होतं. सरांना तिनं विचारलं होतं. ते समोरच्या बाजूला बसले होते, त्यांना तिची पाठच दिसली नव्हती. खांबाजवळ संघातली मणिपूरची एक पोरगी होती, तिनं पाहिलं असेल. तिचा पत्ता प्रज्ञाकडे नव्हता.

एका रविवारी सूर्यभान घरी होता. प्रज्ञानं अंगणात खडूनं रेषा ओढली, पोरीचा रबरी चेंडू घेतला आणि उजवी टाच रेषेवर ठेवून उभी राहिली. हात वर ताणले.

"अवो, तुमचा वळंबा आना जरा."

"आता काय बांधायचंय?"

"आना तर."

त्यानं दोरीला लोंबणारं ते लोखंडी वजन आणलं. तिनं सांगितल्याप्रमाणे चेंडूच्या पुढच्या, मैदानाकडच्या कडेपासून खाली सोडलं. वजन डुललं, स्थिर झालं.

"रेषेवरच हाय," सूर्यभान म्हणाला.

म्हणजे गोल नव्हता. "थांबा. मी जास्त वाकले हुते." ती मागे वाकली.

"आता पल्याड गेला. पुरा पल्याड."

"एवढी न्हाई." ती थोडी सरळ झाली. वजन पुन्हा रेषेवर आलं. ती पुन्हा वाकली. कमरेतून कळ आली, बाळंतपणानंतर तिची कंबर पहिल्यासारखी वळत नव्हती. पोरगी ओट्यावरून टाळ्या वाजवत होती, तिला वाटलं आई खेळतेय.

"प्रज्ञे, असं कसं कळायचं?" सूर्यभान हळू आवाजात म्हणाला. "किती वाकली हुतीस ते तू सांग, मी चेंडू कुठं हुता ते सांगतो."

"ते आठवत असतं तर तुमाला कशाला इचारलं असतं?"

त्यानं दोरी गुंडाळायला घेतली. ती तशीच उभी राहिली, टाच रेषेवर, हात वर, चेंडू डोक्यामागे. आता मान वळवून वर बघता येत होतं, पण तिथं आता फक्त पोरीचा रबरी चेंडू होता.

"अवो," ती म्हणाली, "पन त्या टायमाला चेंडू कुठं हुता?"